रंकाळा, कळंबा, राजाराम: हिवाळी पाणपक्षी बघायला आणि टिपायला नव्याने निघालेल्यांसाठी

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले की कोल्हापुरात दरवर्षी चार-दोन जणांच्या डोक्यात नवीन खूळ शिरतं: यंदा पक्ष्यांचे फोटो काढायचेच. मग हप्त्यावर कॅमेरा येतो, मित्रांची गाडी भरते आणि पहिलीच फेरी थेट उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला. होडीतून रोहित पक्ष्यांचे दोन-तीनशे फोटो निघतात, त्यातले पाच फेसबुकवर जातात आणि संक्रांतीपर्यंत कॅमेरा कपाटात जातो. खूळ वाईट नाही, क्रम चुकतो.

माझा सल्ला सरळ आहे. पहिला हिवाळा कोल्हापूर सोडू नका. घरापासून जवळचं एकच तळं धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. एकाच पाण्यावर ऑक्टोबर ते मार्च कोण येतं, कुठे बसतं, कशाला बिचकतं हे कळलं, की फोटो आपोआप सुधारतात. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. सोबत काय घ्यायचं

पहिली खरेदी दुर्बीण. कॅमेरा नंतर. ८×४२ मापाची दुर्बीण नवख्यांना सोयीची. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×४२ मध्ये पक्षी जास्त मोठा दिसतो खरा, पण हाताची थरथरही तितकीच मोठी होते आणि नजरेत मावणारा भाग कमी होतो. दुकानात कोणी ‘२०×, ५०×’ छापलेली स्वस्त दुर्बीण दाखवली तर नमस्कार करून बाहेर या.

बाकीचं सामान:

- खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेन दवात ओलं होऊन बसतं.
- पक्षी ओळखायचं एक सचित्र पुस्तक, आणि मोबाइलवर ‘मर्लिन’ (पक्षी ओळखायला) व ‘ई-बर्ड’ (नोंदी ठेवायला) ही दोन मोफत ॲप्स. मर्लिनचा भारतातल्या पक्ष्यांचा भाग घरीच वायफायवर उतरवून घ्या.
- मातकट किंवा हिरवट कपडे आणि टोपी. पांढरा शर्ट आणि भगवं जॅकेट नको.
- एक जुनं पोतं, ओल्या काठावर बसायला किंवा आडवं व्हायला.
- कापडी पिशवीत जोंधळा भरून शिवलेली छोटी उशी. कठड्यावर किंवा जमिनीवर लेन्स टेकवायला यापेक्षा चांगली वस्तू बाजारात हजार रुपये देऊनही मिळत नाही.
- पाणी, जादा बॅटरी, कोरं मेमरी कार्ड.
- ओळखपत्र. विद्यापीठाच्या गेटवर किंवा गस्तीवरच्या पोलिसांनी विचारलं तर दाखवता येतं.

कॅमेऱ्याबद्दल: डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर किमान ३०० मिमीची लेन्स हवी, पण घरात ५५-२५० असेल तर तिच्यावरच सुरुवात करा. रंकाळ्यावर ती चालते. लेन्स बदलायची कटकट नको असेल तर निकॉन पी-९५० सारखा ब्रिज कॅमेरा आहे. त्याची झूम २००० मिमीइतकी जाते. मात्र झूम पूर्ण ताणलीत की फोटो हलतो आणि हवेतला धुरळासुद्धा फोटोत येतो. अर्ध्या झूमवर समाधान मानायला शिकावं लागतं.

२. तळं निवडा

*रंकाळा.* नवख्यांसाठी सगळ्यात सोपा. पहाटेपासून इथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे इथले पक्षी माणसाला सरावलेले आहेत. वारकरी, हळदी-कुंकू बदक, पाणकावळे पदपथावरून बऱ्यापैकी जवळून दिसतात. शहराकडची बाजू पूर्वेची, म्हणजे सकाळी तिथे उभं राहिलं की सूर्य पाठीशी आणि उजेड थेट पक्ष्यावर. अडचण एकच: उंच कठड्यावरून फोटो काढला की पक्ष्याची पाठच दिसते. जिथे घाटाच्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात तिथे खाली जाऊन बसा. शेजारच्या इराणी खणीच्या कडेलाही एक नजर टाका. खंड्याला असली शांत, खोल पाण्याची कड आवडते.

*कळंबा.* शहराच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्याच्या बाजूला. पाऊसकाळ संपताना हा तलाव काठोकाठ असतो आणि पक्षी लांब, मधोमध राहतात. तेव्हा बांधावरून दुर्बिणीने बघायचं. खरी मजा जानेवारीनंतर. पाणी हटायला लागतं, उथळ चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतवार, शेकाटे, धोबी उतरतात. इथले पक्षी रंकाळ्याइतके धीट नाहीत. काठावर माणूस उभा राहिलेला दिसला तरी सरकतात.

*राजाराम तलाव.* विद्यापीठाच्या मागे, सरनोबतवाडीकडे. पाणी मोकळं, भोवती गवताळ जागा, त्यामुळे पाणपक्ष्यांबरोबर माळावरचे पक्षीही मिळतात. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातली छोटी तळीही चांगली आहेत. मोर तर दिसतोच. आत जायच्या वेळा आणि कॅमेऱ्याचं काय ते आधी गेटवर विचारा.

यांखेरीज पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याच्या आसपास, आणि ऊस तुटलेल्या, पाणी पाजलेल्या रानात फेरी मारा. नांगराच्या मागे गायबगळे आणि शराटी हमखास असतात.

एक सावधगिरी. कळंब्याकडे मध्यवर्ती कारागृह आहे आणि राजाराम तलावापासून उजळाईवाडीचा विमानतळ लांब नाही. तिकडे लांब लेन्स रोखून बसू नका. ड्रोनचा तर विचारच सोडा: विमानतळाजवळ उडवायला बंदी असते, आणि वरून घोंघावत आलेली वस्तू बदकांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते. सगळा थवा एका झटक्यात उठतो.

३. कधी जायचं

पाणपक्षी एकदम एका दिवशी येत नाहीत. तुतवारांसारखे चिखलातले पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरलाच हजर होतात. धोबी ऑक्टोबरात. बदकांसाठी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरा. मार्च अर्धा सरला की ती उत्तरेकडे निघतात. यातली बरीच बदकं मध्य आशिया आणि सायबेरियाकडून हिमालय ओलांडून येतात.

कोणत्या वर्षी किती येतील हे पावसावर अवलंबून असतं. परतीचा पाऊस जोरात झाला, सगळी तळी, शेततळी, ओढे भरलेले असले, की पक्षी विखुरतात आणि तुमच्या तळ्यावर कमी दिसतात. अशा वर्षी ‘पक्षीच संपले’ असं लगेच म्हणू नका.

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात सूर्य साधारण सात वाजता उगवतो. पावणेसातला जागेवर बसलेलं असावं. सात ते साडेनऊ हा वेळ सोन्यासारखा. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि लांबचा फोटो मऊ, पुसट येतो. अनेकजण याचा राग लेन्सवर काढतात. लेन्सचा काही दोष नसतो, घरी जाऊन नाष्टा करायची वेळ झालेली असते. नदीकाठी धुकं असेल तर मात्र थांबा. ते फिटताना मिळणारा उजेड दुसऱ्या कुठल्या वेळी मिळत नाही.

संध्याकाळी पाचनंतर पुन्हा एक संधी असते. बगळे, पाणकावळे, शराटी रातथाऱ्याकडे परततात. पण रंकाळ्याच्या चौपाटीवरून तेव्हा सूर्य समोर येतो, म्हणून काळ्या आकृत्यांचे फोटो काढा किंवा सरळ भेळ खा.

४. आधी घरचे ओळखा

नवखा माणूस परदेशी पाहुण्याच्या शोधात इथल्या कायमच्या पक्ष्यांकडे बघतच नाही. मग दिसलेलं प्रत्येक काळं बदक त्याला दुर्मीळ वाटतं. पहिले तीन-चार रविवार फक्त यांना द्या:

*वारकरी* – पूर्ण काळा, कपाळावर आणि चोचीवर पांढरं. पोहताना मान पुढेमागे करतो. बदकासारखा वाटला तरी बदक नाही. पायाची बोटं बघितलीत तर कळेल, पडदा सलग नसून पाकळ्यांसारखा सुटा असतो. हिवाळ्यात बाहेरून आलेल्यांची यात भर पडते, त्यामुळे संख्या वाढते.

*हळदी-कुंकू बदक* – काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. वर्षभर इथेच.

*टिबुकली* – मुठीएवढी, सारखी बुडी मारणारी. बुडाली की कुठे वर येईल याचा अंदाज बांधणं हा फोकसचा उत्तम सराव आहे.

*पाणकावळे* – लहान आणि मध्यम यांत सगळ्यांचाच गोंधळ होतो. लहान पाणकावळ्याची चोच आखूड, डोकं गोलसर. दुसऱ्याची चोच लांब, बारीक, टोकाला आकडा, आणि डोळा हिरवा-निळा. मान सापासारखी लांब आणि चोच भाल्यासारखी सरळ असेल तर तो तिरंदाज.

*जांभळी पाणकोंबडी, वंचक, राखी बगळा, शेकाट्या, कवड्या धीवर, टिटवी* – ही मंडळी केंदाळाच्या (जलपर्णीच्या) कडेला किंवा चिखलात असतात. केंदाळ तळ्यासाठी वाईटच, पण त्याची कड नीट न्याहाळा. कमळपक्षी तिथेच चालत असतो.

आणि एक ठरलेला फसवा प्रकार: तळ्याकाठी पांढरीशुभ्र किंवा चट्ट्यापट्ट्यांची, माणसाकडे धावत येणारी बदकं दिसली तर ती कुणाचीतरी पाळीव आहेत. ‘सायबेरियन हंस’ म्हणून त्यांचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

५. मग पाहुणे

बदकांत चार ओळखी आधी पक्क्या करा. *थापट्या*: चोच पुढे रुंद, चमच्यासारखी, पाण्याला टेकवून गोल गोल फिरत खातो. *तलवार बदक*: लांब मान, नराची शेपटी टोकदार. *चक्रांग*: सगळ्यांत छोटं, नराचं डोकं तांबूस आणि डोळ्यामागे हिरवा पट्टा. *भुवई बदक*: नराच्या डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई.

आता यातली खरी मेख. ही वर्णनं पुस्तकातल्या देखण्या नरांची आहेत. बदकांचे नर वीण झाल्यावर पिसं गाळतात आणि काही महिने मादीसारखे तपकिरी दिसतात. आपल्याकडे पोचतात तेव्हा बरेचजण त्याच वेषात असतात. डिसेंबरपर्यंत थापट्या, चक्रांग रंगात यायला लागतात. भुवई बदकाच्या नराला फेब्रुवारीही उजाडते. म्हणून नोव्हेंबरात ‘सगळीच सारखी दिसतात’ असं झालं तर वैतागू नका. तेव्हा रंग सोडा आणि तीन गोष्टी बघा: चोचीचा आकार, शेजारच्या पक्ष्याच्या मानाने अंगाचा आकार, आणि उडताना पंखावर दिसणारा पट्टा. चक्रांगाचा हिरवा. थापट्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा.

चिखलातल्या छोट्या पक्ष्यांचं असंच. *तुतवार* सतत बूड हलवतो, आणि छातीच्या बाजूने खांद्यापुढे पांढरी पाचर आत शिरलेली दिसते. *हिरवा तुतवार* काळपट, एकटा-दुकटा, उडाला की शेपटीच्या मुळाशी लख्ख पांढरा. *ठिपकेवाला तुतवार* पाठीवर ठिपक्यांचा, पाय पिवळसर. धोब्यांत पांढरा, करडा, पिवळा असे तिघे नेहमीचे. पहिल्या वर्षी इतकं आलं तरी भरपूर झालं.

तळ्यावरचे सगळे पक्षी एकदम उधळले आणि तुम्ही तर जागचे हललाच नाहीत, तर वर बघा. दलदलीवरून कमी उंचीवर तरंगत जाणारा हारिण किंवा मासे पकडणारा कैकर आलेला असतो.

६. जवळ कसं जायचं (आणि कधी थांबायचं)

फोटोग्राफीचा निम्मा अभ्यास इथे आहे. चालत पक्ष्याकडे जाऊ नका. पक्षी ज्या दिशेने खात खात सरकतोय तिकडे आधीच जाऊन बसा आणि त्याला येऊ द्या. बसल्यावर पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा मांडीवरच ठेवा. थोड्या वेळाने तुम्ही काठाचाच भाग होता.

जावंच लागलं तर सरळ रेषेत नको. तिरकं, दोन पावलं, थांबणं, नजर दुसरीकडे. उभ्या माणसापेक्षा बसलेल्याला पक्षी कमी घाबरतात. आणि फोटोच्या दृष्टीनेही खाली बसणं फायद्याचं: लेन्स पाण्याच्या पातळीला जितकी जवळ, तितका पक्षी जिवंत वाटतो आणि मागचं पाणी मऊ होतं. पोतं त्यासाठीच आणलंय.

पक्षी बोलून दाखवत नाहीत, पण सांगतात. खाणं थांबलं, माना ताठ झाल्या, विखुरलेली बदकं एकत्र येऊन तुमच्यापासून दूर पोहू लागली, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा किंवा दोन पावलं मागे या. पुढे गेलात तर थवा उठणारच. उडत्या थव्याच्या फोटोसाठी मुद्दाम टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे लोक मी पाहिलेत. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी जी चरबी साठवायला हे पक्षी इथे येतात, ती असल्या उठाबशांत जळते. अशांच्या सोबत जाऊ नका, फोटो कितीही भारी असोत.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणं, पाव-चिवडा टाकणं, घरट्याजवळ जाणं, घरट्याची जागा सोशल मीडियावर टाकणं – हे चारही बंद. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. शिकार, अंडी-घरट्यांना हात लावणं हे त्याखाली गुन्हे आहेत. कुणी जाळी किंवा फासे लावताना दिसलं तर वाद घालत बसू नका, जागेचा फोटो घ्या आणि वन विभागाला कळवा.

स्वतःचीही काळजी घ्या. वाळलेल्या वाटणाऱ्या गाळाखाली मांडीभर चिखल असू शकतो, विशेषतः कळंब्यात पाणी हटलेलं असताना. काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. पहाटे एकटं जायचं असेल तर घरी जागा सांगून जा.

७. कॅमेऱ्याची जुळवणी

ऑटोवरून बाहेर या. सोपी सुरुवात: ॲपर्चर प्रायॉरिटी मोड, ॲपर्चर लेन्सला जमेल तितकं उघडं (f/५.६ किंवा f/६.३), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो. त्यातच किमान शटर स्पीड ठरवून द्यायची सोय असते. बसलेल्या पक्ष्याला १/८००, उडत्याला १/२००० धरा. सकाळच्या कमी उजेडात आयएसओ ३२०० झालं तर होऊ द्या. दाणे आलेला स्पष्ट फोटो वापरता येतो, हललेला नाही. फोकस सतत मागावर राहणारा, म्हणजे एएफ-सी किंवा एआय सर्वो. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू ठेवा. नसेल तर मधला एकच बिंदू घेऊन डोळ्यावर धरा.

नवख्यांचे सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते पांढऱ्या बगळ्यांचे. कॅमेरा सगळं मध्यम राखी करायला बघतो. गडद पाण्यासमोर बगळा असला की तो पाण्याच्या हिशेबाने उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं चुन्यासारखी सपाट होतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन –०.७ ते –१ वर न्या. पांढऱ्या आभाळासमोर उडणारा पाणकावळा असेल तर उलट, +१. फोटो काढल्यावर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायची सवय लावा, उन्हात स्क्रीन फसवते. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलंत तर थोडी चूक घरी सावरता येते.

उजेडाची दिशा ओळखायला आपली सावली बघा. ती पक्ष्याकडे जात असेल तर जागा बरोबर.

फोटो धडाधड काढू नका. एका वारकऱ्याचे सहाशे फोटो बघत रात्री बसण्यापेक्षा पक्षी मान वळवेपर्यंत, पंख झटकेपर्यंत थांबणं बरं. बुडी मारून वर आलेला पक्षी अंग झटकतो, बदक पंख साफ करून झालं की बहुधा उभं राहून फडफडतं. हे ओळखता आलं की बोट वेळेवर दाबलं जातं.

८. नोंद ठेवा

वहीत तारीख, वेळ, जागा, पाण्याची पातळी, पक्षी आणि अंदाजे संख्या. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा घेतात ते नजरेत धरा आणि तसे किती गठ्ठे होतात ते बघा. घरी आल्यावर यादी ई-बर्डवर चढवा. दिसलेले सगळे पक्षी लिहा, फक्त ‘चांगले’ नकोत. आज साठ वारकरी ही नोंद दहा वर्षांनी रंकाळ्याबद्दल बरंच काही सांगेल. ओळख पटली नसेल तर ‘बदक, अनोळखी’ लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर त्यावरची अक्षरं फोटोत येतील असं बघा आणि ‘बीएनएचएस’ला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. त्यांनी किंवा दुसऱ्या देशातल्या अभ्यासकांनी ती घातलेली असते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ ला, सलीम अली यांचा १२ ला. तेव्हा ठिकठिकाणी फेऱ्या निघतात, त्यातल्या एखाद्या जाणत्याच्या मागे दोन तास चाला. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते आणि फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. दुसरीत कुणालाही भाग घेता येतो, पंधरा मिनिटांची यादीसुद्धा चालते.

९. हंगाम संपल्यावर

मार्चनंतर बदकं गेली तरी एप्रिलपर्यंत धोबी आणि काही तुतवार रेंगाळतात, आणि कळंब्याचा उघडा काठ तेव्हा सगळ्यात चांगला असतो. पाऊस लागायच्या आत, म्हणजे मेअखेरीस, लेन्स आणि दुर्बीण कोरड्या फडक्याने पुसून झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कापडी बॅगेत ठेवू नका. कोल्हापूरचा पावसाळा भिंगावर बुरशी चढवतो आणि ती आत गेली की साफसफाईचा खर्च मोठा. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदला, आणि महिन्यातून एकदा उघडीप बघून सगळं बाहेर काढून थोडा वेळ उजेडात ठेवा.